धोकटीतली पावती

भिवंडी सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी धामणकर नाक्याजवळच्या त्या सलूनची आग डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतली कित्येक प्रकरणं आता नीट आठवतही नाहीत. ही आग आठवते, कारण तिच्या तपासात माझं चुकलं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी पोलीस उपनिरीक्षक होतो आणि भिवंडीत बदली होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या काळात गावात कुठे धूर दिसला की लोक काय जळलं असं विचारत नसत, कोणाचं जळलं असं विचारत. दंगलीची आठवण सगळ्यांच्या मनात ताजी होती. त्यामुळे सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास नाक्यावरून फोन आला, तेव्हा ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद करेपर्यंत मी जीपमध्ये जाऊन बसलो होतो.

दोन खुर्च्यांचं लहानसं सलून होतं. सोमवारची साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे शटर बंद. बंब येईपर्यंत आतलं सगळं संपलं होतं. आरसे तडकून खाली आले होते, खुर्च्यांचे नुसते सांगाडे उरले होते. पलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, मधली भिंत सामाईक. रस्त्यावर दीडदोनशे माणसं जमली होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आरडाओरडा करणारी गर्दी मला कळते. गप्प उभी राहिलेली गर्दी कळत नाही. मी चार शिपाई बंदोबस्ताला ठेवले आणि पंचनामा सुरू केला.

सलूनवाला दुपारी अडीचला आला. मूळचा अंजूरचा, चाळिशीच्या आतबाहेरचा, सडपातळ माणूस. जळक्या शटरसमोर तो बराच वेळ नुसता उभा राहिला. सकाळपासून कुठे होतास, असं विचारल्यावर म्हणाला, “कल्यानला. बहिनीकडे गेलतो.”

पुढचे दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. सकाळ-संध्याकाळ वरिष्ठांचा एकच प्रश्न: आग लागली की लावली? लावली असेल तर कोणी? नाक्यावर दोन गट दोन वेगवेगळी नावं कुजबुजत होते. लूमचा मालक स्वतःहून ठाण्यात आला आणि हात जोडून म्हणाला, “साहब, हमारा नाम मत आने दो. बाल-बच्चे हैं.” चार दिवसांत कारण पुढे आलं नाही तर काय होईल, याचा विचारही मला नको वाटत होता.

बुधवारी टपालाने एक निनावी पत्र आलं. मोजून चार ओळी. ‘सलूनवाल्याने दोन महिन्यांपूर्वी दुकानाचा विमा उतरवला आहे. वस्तरे-कात्र्या त्याने आदल्या संध्याकाळीच घरी नेल्या. आग त्यानेच लावली. एक हितचिंतक.’

पत्र वाचून मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. आपलंच दुकान आपणच जाळलं, विम्याच्या पैशासाठी. यात कोणाची जात येत नव्हती, धर्म येत नव्हता. गाव शांत राहणार होतं. मला जे हवं होतं तेच कोणीतरी पाकिटात घालून पाठवलं होतं, आणि मी ते पाठवणारा कोण, याचा विचार केला नाही.

पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर. त्याच्या बायकोला विम्याबद्दल विचारलं तर ती गोंधळून म्हणाली, “कसला विमा?” भिंतीवर खुंटीला त्याची धोकटी लटकत होती, म्हणजे वस्तरे, कात्र्या, कंगवे ठेवायची चामड्याची पिशवी. ती उघडली. हत्यारं जागच्या जागी होती आणि त्यांच्याखाली घडी घातलेली विम्याच्या हप्त्याची पावती. सगळं दुकान जळालं, पण वस्तरे आणि पावती सुखरूप! हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी धोकटी मुद्देमाल म्हणून जप्त केली.

दुसऱ्या दिवसापासून त्याला रोज सकाळी नऊला चौकशीसाठी बोलवायचं आणि दिवेलागणीला सोडायचं, असं सुरू झालं. अटक दाखवली नव्हती, पण नाक्यावरच्या लोकांसाठी तो आरोपी झालाच होता.

“विमा कशाला काढलास?”

“एजंट गिऱ्हाईक हाय माजा, साहेब. खुर्चीत बसला की त्योच विषय. म्हने, सलूनला हप्ता जास्ती पडतो. स्पिरिट असतंय, स्टो असतोय, बाजूला लूम. वस्तरा लागून गिऱ्हाइकाला काय झालं तर त्याची भरपाई बी त्यातच.”

“किती हप्ता?”

“तीन म्हैन्याचं भाडं गेलं त्यात. पन मी म्हनलं, उद्या काय झालं तर दुकान परत उभं ऱ्हाईल.”

“मग बायकोपासून का लपवलं?”

“सांगितलं असतं तर म्हनाली असती, आग लागायच्या आधीच घर जाळलंत. धोकटीला ती हात लावत न्हाय, म्हनून पावती तिथं ठेवली.”

“आणि हत्यारं आदल्या दिवशी घरी का नेलीस?”

इथे तो मान खाली घालायचा. कधी म्हणायचा धार लावायला नेली, कधी म्हणायचा सहज नेली. कल्याणच्या बहिणीकडे माणूस पाठवला तर ती म्हणाली, दिवाळीनंतर भाऊ आलेलाच नाही. हे तोंडावर सांगितलं तरी तो कल्याणचंच सांगत राहिला. कर नाही त्याला डर कशाला, असं आम्ही पोलीस उठता-बसता ऐकवत असतो. हा माणूस तर घाबरून पांढरा पडला होता. म्हणजे यानेच केलं, असा माझा सरळ हिशोब. एकदा माझा हातही उठला. हे लिहिताना जड जातं, पण लिहायला हवं.

आठ दिवस असेच गेले. विद्युत निरीक्षकाचा अहवाल यायचा होता. तो येईपर्यंत मी थांबायला हवं होतं. पण वरून दबाव होता आणि मलाही हे प्रकरण एकदाचं संपवायचं होतं. संध्याकाळी त्याची बायको त्याला न्यायला आली, तेव्हा मी तिला सांगून टाकलं की उद्या अटक करून कोर्टात हजर करणार, घरात जाळपोळीचा खटला आला असं समजा. नवऱ्याला घरी सोडून ती तशीच रिक्षा करून अंजूरला गेली, हे मला नंतर कळलं.

सकाळी अटकेचे कागद पुढ्यात होते. तेवढ्यात ठाण्याच्या आवारात एक टेम्पो थांबला. त्यातून आठ माणसं उतरली, म्हाताऱ्यापासून तरण्यांपर्यंत. आठही जणांचे गोटे केलेले, आणि त्यांवर नुकतेच बारीक खुंट आलेले. ठाणे अंमलदार लिहायचा थांबला. सगळ्यांत वयस्कर माणूस माझ्या टेबलासमोर आला, त्याने डोकं माझ्यापुढे वाकवलं.

“सायेब, माजा भाव वारला. सोमवारी त्याचा दहावा व्हता, खाडीवं. ही आठ डोकी यानंच केली. सकाळी सातला आला तो दुपारपातुर आमच्यातच व्हता. आग लागल्याचा सांगावा बी आमच्याच पोरानं आनला.”

“मग हे त्याने आठ दिवस का सांगितलं नाही?”

म्हाताऱ्याने मागे बाकाकडे पाहिलं. बाकावर बसलेला सलूनवालाच शेवटी बोलला.

“साहेब, नाक्यावरचं माजं गिऱ्हाईक म्हंजे मास्तर, कारकून, बँकवाले. मी दहाव्याला जातो म्हनून कळलं तर कोन माज्याकडं दाढी करील? हत्यारं त्यासाठीच घरी नेलती. दहाव्याचा वस्तरा मी येगळा ठेवतो. पन सांगून कोन ऐकतो? आन् न्हाय म्हनता येत न्हाय. बापापासून अंजूर गावचं काम आमच्याकडं हाय. मरनाला न्हाय कसं म्हनायचं?”

“अरे, तू जेलमध्ये गेला असतास!”

“विमा हाय ना साहेब. आज ना उद्या तुमी सोडलं असतं, दुकान परत उभं ऱ्हायलं असतं. गेलेलं गिऱ्हाईक परत न्हाय येत.”

मी अटकेचे कागद बाजूला सारले. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला शरम हाच शब्द आहे. आठ दिवस मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

सगळ्यांचे जबाब घेतले आणि ते निनावी पत्र पुन्हा समोर ठेवलं. विम्याचं त्याच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं, मग पत्र लिहिणाऱ्याला कसं माहीत? विमा ठाऊक असलेली माणसं दोनच, एक हा आणि दुसरा एजंट. आणि एजंटने आपल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध पत्र का लिहावं? मी पावतीवरचा नंबर घेऊन विमा कंपनीच्या ठाणे शहरातल्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या कारकुनाने वह्या उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाला, “साहेब, या दुकानाचा विमाच नाही. या पावतीचा हप्ता आमच्याकडे जमा झालेला नाही.”

एजंटला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याच्यापुढे पत्र ठेवलं तर खुर्चीत नीट टेकून म्हणाला, “मी तर कायद्याला मदतच केली, साहेब. रविवारी दाढीला गेलो होतो, तेव्हा हत्यारं भरताना त्याला डोळ्यांनी पाहिलं.” मग मी पावती ठेवली आणि हप्त्याचे पैसे कुठे आहेत, एवढंच विचारलं. त्याने पाणी मागितलं. हप्ता त्याने स्वतःच खाल्ला होता, नाक्यावरच्या आणखी काही दुकानदारांचाही. दुकान जळालं तसा तो हादरला, कारण आता सलूनवाला भरपाई मागायला कंपनीत जाणार आणि सगळं उघडं पडणार. माणूसच जाळपोळीत अडकला तर भरपाई मागायला जाणार कोण? ज्याने राखायचं त्या कुंपणानेच शेत खाल्लं होतं. फसवणुकीचा गुन्हा नोंदवून त्याला अटक केली. त्याच आठवड्यात विद्युत निरीक्षकाचा अहवाल आला. सामाईक भिंतीतल्या लूमच्या जुन्या वायरिंगमधून ठिणगी पडली होती.

धोकटी परत करायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो. हवालदाराला पाठवता आलं असतं, पण मला ते बरं वाटलं नाही. त्याला सांगितलं की तू पूर्ण सुटलास, आग अपघाताने लागली, पत्र लिहिणाराही सापडला. त्याच्या बायकोने देवापुढे साखर ठेवली. त्याने हात जोडले आणि विचारलं, “मग साहेब, विम्याचं कदी मिळंल?”

ही वेळ येणार हे मला जिना चढतानाच माहीत होतं. सांगितलं की विमा कधी नव्हताच. हप्ता कंपनीत पोचलाच नाही.

त्याने धोकटी मांडीवर घेतली. ती एकदा उघडून बंद केली आणि मग हसला. ते हसणं मला अजून सोसत नाही.

“म्हंजे साहेब, मी खरंच आग लावली असती तरी बी कायच न्हवतं मिळायचं.”

त्याला नाक्यावर पुन्हा दुकान टाकता आलं नाही. आठ गोट्यांची गोष्ट त्याच दिवशी नाक्यावर सगळीकडे झाली होती. ती माझ्याच ठाण्याच्या आवारात घडली होती, त्यामुळे मास्तर आणि कारकून लोकांना वेगळं सांगायची गरज पडली नाही. तो अंजूरला परत गेला आणि धोकटी घेऊन घरोघर फिरू लागला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. गुन्ह्याचा हेतू सापडला म्हणून खूश होण्याआधी तो हेतू खरा आहे का ते पाहावं. पावती जप्तीच्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या खणात होती, आणि फोन टेबलावर. त्यानंतर आगीचं कुठलंही प्रकरण आलं की पंचनामा संपायच्या आत मी विमा कंपनीला फोन लावत असे, आणि पुढे पुष्कळ लोक त्यामुळे वाचले. तो मात्र वाचला नाही.