मोठ्या आजीची शेवटची हाक

मुलांनो, मोठी आजी शेवटी काय बोलली, असे तुम्ही विचारले आहे. बाकी सगळे "शांतपणे गेली" एवढेच कळवतील. महिना उलटला, मन थाऱ्यावर आले, म्हणून मी लिहिते आहे.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. पांढुर्ण्याच्या आमच्या घरात तिच्या जिभेला सगळे भीत. तिची एकुलती लेक निर्मला सावळी जन्मली, आणि आईने तिला कायम "काळतोंडे" अशीच हाक मारली. न्हाऊ घालताना, जेवायला बोलावताना, रामाकोन्याला सासरी पाठवतानासुद्धा.

उन्हाळ्यात जाऊबाईंना लकवा झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी मला समजावले, शब्द डोक्यात आहे, अर्थही कळतो; पण त्याचे आवाज गोळा करून ओळीने लावणे जमत नाही. पहिला आवाज तुम्ही द्या, कधी कधी पुढचे येईल. जे जन्मभर तोंडात घोळले, ते मात्र जुळवावे लागत नाही, आयतेच बाहेर पडते. खरेच, पाणी मागताना त्या "नापी... पापी..." करीत रडत, आणि आरती अखंड म्हणत.

निर्मला आली, खाटेशी बसली. "माय, एकडाव मले नावानं हाक मार. मंग मी काईच मांगत नाई."

जाऊबाईंनी तिचा हात धरला. मी "नि..." म्हटले.

"नि... मिर... निल..." कपाळ घामाने भिजले... आणि मग एका दमात, स्वच्छ, "काळतोंडे!"

ओसरीवर माझे धाकटे दीर खो-खो हसले. "घ्या! वहिनी तं सुधरून राहिली!"

जाऊबाई जोरजोराने मान हलवत होत्या, नाही, नाही... पुन्हा तोंड उघडले, पुन्हा तेच आले.

मी निर्मलाला म्हटले, "अगं, हे त्यांच्या मनातलं नाही. आपोआप येतं."

"आपोआप कसं येते, काकू? रोज म्हनलं म्हनूनच आलं ना?"

ती दुपारच्या बसने परत गेली. पुढे शेवटचे पाणी घालायला आली, तेव्हा आईला शुद्ध नव्हती. मधल्या दिवसांत जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत.

त्यांच्या खोलीत आता संत्र्याच्या पेट्या आहेत. परवा निर्मला आली होती. अंगणातून जाताना मी "निर्मला" म्हणून हाक मारली. तिने वळून पाहिले नाही. दिरांनी "काळतोंडे" म्हटले, तशी ती थांबली. या घरात तिचे तेवढे एकच नाव चालते.