ब्युटॅनॉल वाढलं त्या दुपारी

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. लिहायचाही कंटाळाच होता... पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

कुपवाडच्या एमआयडीसीत रंगासाठी रेझिन बनवणारा आमचा छोटा कारखाना. मी तिथे केमिस्ट. रेझिन शिजवायच्या टाकीवर, म्हणजे केटलवर, शंकरमामा. त्यांच्या बायकोचं डायलिसिस कामगार विम्याच्या कार्डावर चाललेलं. मागे एक बॅच बिघडली तेव्हा मालकांनी, म्हणजे साहेबांनी, मामांना बजावलं होतं — आता एक जरी खराब झाली तर घरी बसायचं.

आमच्या रेझिनच्या साखळीत स्टायरिन आणि ॲसिड असे दोन मोनोमर, म्हणजे साखळीचे मणी. ब्युटॅनॉल हे सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, असेल तर त्यात दोघं मिळूनमिसळून गुंफले जातात. टोल्यूइनमध्ये ॲसिड घाई करतं, आधीच संपतं, साखळी एकसारखी होत नाही आणि माल गढूळ. यात वाद नाही.

त्या दुपारी मी जेवायला गेले होते. मामांनी साहेबांना सांगितलं, "सायेब, ब्युटॅनॉल वाढलंय." आमच्याकडं मीठ, कुंकू 'संपलं' म्हणत नाहीत, 'वाढलं' म्हणतात. मामा केमिकललाही तेच लावतात. साहेब पाचगणीच्या इंग्रजी शाळेत शिकलेले. त्यांना वाटलं, जास्त झालंय. "मग घाला की, विचारताय काय?" मामांना वाटलं, जे हाय ते घाला म्हणतायत. घातलं टोल्यूइन.

मी आले तेव्हा केटल तापली होती, मोनोमर पडायला लागले होते. आता थांबवूनही उपयोग नव्हता.

"आता वं म्याडम?"

"आता काय मामा... बघायचं."

आणि केटलच्या तोंडाशी ब्युटॅनॉलचा वास आला. घशाला लागणारा, रोजचा. मामांनाही आला. जाऊन ब्युटॅनॉलचं पिंप पालथं केलं — थेंब नव्हता. सॅम्पल काढलं तर नितळ. बाहेरच्या लॅबनं सांगितलं : सॉल्व्हंट निव्वळ टोल्यूइन, साखळी मात्र ब्युटॅनॉलमध्ये होते तशी. मामा नारळ फोडून आले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला बोलू.

साहेबांचाही चमत्कारावर विश्वास नाही. म्हणाले, टोल्यूइन स्वस्त पडतं, आता असंच करा. केलं. गढूळ. पुन्हा केलं. गढूळच.

"एकदा जमलं ते आता का जमत नाही? मुद्दाम करताय?"

मामा मला म्हणाले, "तवाच नासलं असतं तर बरं हुतं बगा. ब्युटॅनॉल न्हवतं, असं तरी सांगता आलं असतं."

साहेबांनी मलाही कारण विचारलं. माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. काहीतरी सांगता आलं असतं तर मामा कामावर राहिले असते. नोकरीबरोबर विम्याचं कार्डही गेलं; आता ते मामींना घेऊन सरकारी दवाखान्यात नंबर लावून बसतात.