न पुसता येणारी मोजणी

डोळखांबच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात वनहक्क समितीचं कार्यालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या इमारतीतली मागची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि कपाटावर वहीएवढ्या आकाराचा जुना संगणक. त्याला सगळे सर्व्हर म्हणत. जंगलाला लागून जी जमीन इथली कुटुंबं पिढ्यान्पिढ्या कसत आली, ती त्यांच्या नावे व्हावी म्हणून समितीने दावे केले होते. हातातलं जीपीएस यंत्र घेऊन समितीची माणसं प्रत्येक शेताच्या कडेने चालली होती. त्या सगळ्या मोजण्या या सर्व्हरमध्ये होत्या.

सर्व्हर मी बसवला होता. मुंबईतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढून मी शहापूरला परत राहायला आलो. डेस्कवर असताना पानं लावायच्या संगणकांची देखभाल अंगावर पडली होती, त्यातून थोडं प्रोग्रॅमिंग आलं. यंत्रातल्या नोंदींवरून शेताचं क्षेत्र काढणारा प्रोग्रॅमही मीच लिहिला. पुढे ज्या चुका येतील त्या माझ्या आहेत, हे आधीच नोंदवतो.

शुक्रवारी ग्रामसभा होती. तिथे अंतिम यादी वाचून, मंजूर करून वरच्या समितीकडे पाठवायची होती. बुधवारी सकाळी पंचायतीच्या संगणक ऑपरेटरचा फोन आला. ती गावातल्याच बुद्धवाडीतली. आठ वर्षं रोज कल्याणला जाऊन एका ऑफिसात डेटा एन्ट्री करत होती, मग गावातलंच काम मिळालं म्हणून परतली.

"काका, यादी निघत नाय. जागा संपली म्हणतंय. आनि मावशी येऊन बसल्यात, उठायला तयार नाय."

मी पोचलो तेव्हा मावशी खरोखरच खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या शेती करणाऱ्या. खाली थोडं भात आणि चढावर नाचणीची वरकस जमीन. कच्ची यादी फळ्यावर लागली होती. शेजारणीच्या सुनेने ती वाचून दाखवली, तेव्हा मावशींच्या नावापुढे एकतीस गुंठे निघाले. त्यांच्या हिशेबाने चढावरचा पट्टा त्यात नव्हताच. शुक्रवारी यादी तशीच मंजूर झाली असती तर तो पट्टा दाव्यातून कायमचा गेला असता.

"तुमचा मशीन माजी वरकस खाऊन बसलाय," त्या म्हणाल्या.

मी समजावलं. दाट झाडीत उपग्रहाचा सिग्नल चुकतो. शेताच्या कोपऱ्याची एखादी खूण गावाच्या हद्दीबाहेर दाखवली गेली, तर प्रोग्रॅम ती सदोष समजून गाळतो. त्यांच्या शेताच्या सहा खुणांपैकी दोन अशा गाळल्या गेल्या होत्या.

"कुठल्या दोन?"

मी पडद्यावर पाहून सांगितलं. "वरच्या अंगाच्या. ऐनाचं झाड आणि कातळ."

"कातळ सदोष हाय?" मावशींनी ऑपरेटरकडे पाहिलं. "ऐकलंस का गो? माज्या सासऱ्याच्या बापापासून तो कातळ तितंच बसलाय. कुठं फिरायला गेला तो?"

ऑपरेटर हसली. मी आधी जागेचा प्रश्न हातात घेतला.

डिस्क भरली होती. एका फाइलमध्ये संगणक स्वतःच्या तक्रारी लिहून ठेवतो. तिच्यात मेमरी अलाइनमेंटचा एकच इशारा हजारो वेळा उमटलेला होता. हा इशारा मला जुना होता. प्रोग्रॅम चालतोय तोवर दुर्लक्ष करा, असा सल्ला कुठेतरी वाचला होता. दर भेटीत मी ती फाइल रिकामी करत असे आणि विषय संपत असे. त्या दिवशीही केली. जागा पुरेशी निघाली नाही.

मग सर्वांत जुन्या फाइल्स काढायचं ठरवलं. यंत्रातून जशाच्या तशा उतरवलेल्या, पहिल्या फेरीतल्या मूळ नोंदी. त्यांच्यावरून क्षेत्रं काढून झाली होती, तेव्हा त्यांचं काम संपलं असं मी धरून चाललो. पुसायची आज्ञा दिली. उत्तर आलं, ही क्रिया करता येत नाही.

सर्व्हरवरचा सर्वाधिकारी वापरकर्ता मीच होतो. फाइल कोणाच्या मालकीची आहे ते पाहिलं. परवानग्या पाहिल्या, बदलू गेलो तर त्याही बदलेनात. फोल्डर तपासलं. कुठला प्रोग्रॅम फाइल धरून बसलाय का ते पाहिलं, कोणी नव्हतं. डिस्क खराब झाली असेल म्हणून तपासणी चालवली. डिस्क ठणठणीत होती. नवी फाइल करून पुसून पाहिली, ती पुसली गेली. फक्त त्या मूळ नोंदी हलत नव्हत्या.

दीड तास गेला. मावशींनी मध्ये एकदा विचारलं, "गावला का कातळ?"

शेवटी फाइलींचे एरवी न दिसणारे गुणधर्म उघडले. प्रत्येक मूळ नोंदीवर एकच खूण होती. ही फाइल कोणीही बदलू नये, पुसू नये. सर्वाधिकाऱ्यानेही नाही. यंत्राचा बिघाड नव्हता. कोणीतरी विचार करून कुलूप लावलं होतं, आणि एका आज्ञेने ते निघणार होतं. ती आज्ञा मी टाइप केली. एंटर दाबायच्या आत ऑपरेटर उठून टेबलाशी आली.

"काका, त्याला हात लावू नका."

"कुलूप कोणी लावलं?"

"मी."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमीच. फोनवर."

मला काही आठवेना. तिने कपाटातून समितीची वही काढली, पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि काय घडलं होतं ते सांगितलं. मोजणी सुरू होण्याआधीच्या बैठकीत बायकांनी एक प्रश्न काढला होता. गावकीच्या वहीत चुकलं तर खोडत नाहीत. आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर ते लिहायचं आणि ज्याची चूक त्याने सही करायची. मशीनमध्ये रेघ कुठे मारायची? कोणालाच सांगता येईना, तेव्हा ठराव झाला की मूळ मोजणी कोणालाच पुसता येऊ नये. ऑपरेटरने मला फोन करून विचारलं, असं करता येतं का. मी धसईला जाणाऱ्या एसटीत होतो. दोन मिनिटांत माझा पासवर्ड दिला, आज्ञा सांगितली आणि विसरून गेलो. तिने ती लिहून घेतली आणि प्रत्येक मोजणी उतरवली की लगेच चालवली.

"मग आता सर्व्हर तुझ्या ताब्यात," मी म्हणालो.

"माझ्या नाय. ठरावाच्या."

मावशी म्हणाल्या, "मग त्या जुन्यात बघा की माजा कातळ. पोरगी सांगते तर ऐका जरा."

मी टाइप केलेली आज्ञा खोडली. मावशींच्या शेताची मूळ फाइल उघडली आणि तिच्यातले आकडे प्रोग्रॅमशिवाय, हाताने कागदावर उतरवून घेतले. सहाही खुणा होत्या. ऐन गावाच्या हद्दीत होता. कातळही. उपग्रह चुकला नव्हता. नोंद बरोबर होती आणि माझा प्रोग्रॅम ती चुकीची वाचत होता.

तेव्हा कुठे मी तो इशारा नीट वाचायला घेतला.

संगणकाची मेमरी म्हणजे लहान कप्प्यांची रांग. प्रोसेसर चार-चार कप्प्यांचा गट एका वेळी उचलतो आणि आकडा गटाच्या सुरुवातीपासून मांडलेला असावा अशी त्याची अपेक्षा असते. आकडा मधूनच सुरू झाला तर आजचे बरेच संगणक तो नीट जुळवून घेतात. माझा लॅपटॉप त्यांतला, म्हणून घरी केलेल्या चाचणीत सगळं बरोबर आलं होतं. कपाटावरचा जुना संगणक तसा नव्हता. तो गट होता तसाच उचलायचा, त्यातले तुकडे फिरवून भलताच आकडा पुढे करायचा, इशारा लिहायचा आणि पुढच्या कामाला लागायचा.

आकडे मधूनच का सुरू होत होते, हेही मूळ फाइलीतच दिसलं. जीपीएस यंत्राच्या माहितीपुस्तकात प्रत्येक कोपऱ्याला ठरलेल्या लांबीचा क्रमांक द्यायला सांगितलं आहे. तेव्हा त्यामागचा आकडा नेहमी गटाच्या सुरुवातीलाच येईल, असं प्रोग्रॅम लिहिताना मी गृहीत धरलं. पण इथे शेताचा कोपरा क्रमांकाने कोणी ओळखत नाही. मोजणाऱ्यांनी शेतवाल्याने सांगितलं ते टिपलं: ऐन, कातळ, वहाळाचं वळण, मोहाखालची मेर. नावं लहान-मोठी, त्यामुळे त्यांच्यामागचे आकडे मागे-पुढे सरकलेले. नाव योगायोगाने मापात बसलं तर कोपरा बरोबर. नाही बसलं तर कोपरा नकाशावर थेट समुद्रात, आणि समुद्रातला कोपरा माझाच हद्दीचा नियम मुकाट्याने गाळायचा. चूक कुठे दिसली नाही. शेतं फक्त लहान होत गेली.

डेस्कवर कोणी एकच गोष्ट हजार वेळा सांगत असता तर मी एकदा तरी चौकशी केली असती.

दुरुस्ती चार ओळींची होती. आकडा एकेक कप्पा करून आधी स्वच्छ जागी उतरवायचा, मग वाचायचा. जागा कशाने खाल्ली होती तेही निघालं. इशाऱ्यांच्या त्या फाइलीच्या मी ठेवलेल्या जुन्या प्रती आणि माझ्या कच्च्या प्रती. त्यांना कोणी कुलूप लावलं नव्हतं, त्या पुसल्या. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. इशारा एकही आला नाही. मावशींच्या नावापुढे अठ्ठेचाळीस गुंठे आले. त्यांच्याखेरीज आणखी तेरा शेतांचं क्षेत्र बदललं, आणि त्या तेरा घरांपैकी कोणीही तक्रार घेऊन आलं नव्हतं.

पडद्यावरचा आकडा पुरेसा नव्हता. गुरुवारी सकाळी मावशी, ऑपरेटर आणि मी चढावरच्या पट्ट्यात गेलो. ऑपरेटरच्या हातात यंत्र होतं. ऐनाच्या बुंध्याशी, मग कातळावर उभी राहून ती आकडे वाचत गेली आणि मी मूळ नोंदीशी ताडून पाहत गेलो. फरक दोन-तीन पावलांचा, म्हणजे या यंत्राच्या सवयीइतकाच.

"बसा आता त्याच्यावर," मावशी मला म्हणाल्या. "सदोष हाय का बघा."

मी बसलो. कातळ पक्का होता.

ऑपरेटरने तिथेच पुढचं काम सांगितलं. जुनी यादी फाडायची नाही. चौदा ठिकाणी आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर क्षेत्र लिहायचं आणि प्रत्येक रेघेपुढे माझी सही. शिवाय चूक ज्याची, दुरुस्ती वाचायची त्यानेच.

शुक्रवारी शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली. वर्तमानपत्रात आम्ही चूकभूल आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत छापत असू. इथे उभं राहून, चौदा घरांच्या तोंडावर वाचायची होती. काय चुकलं, कोणाकडून चुकलं आणि कशामुळे कळलं ते मी वाचलं.

"मोठ्यानं वाचा," मावशी पुढच्याच रांगेत होत्या. "मागं ऐकू येत नाय."

मी पुन्हा, मोठ्याने वाचलं. मागून एकाने विचारलं, "म्हंजे मूळ मोजनी पुसली असती तर?"

समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं. यंत्रातली पहिल्या फेरीची नोंद केव्हाच पुसली गेली होती आणि पुन्हा मोजायला वेळ नव्हता. ती चौदा शेतं लहानच राहिली असती. मग बायकांच्या बाजूने आवाज आला, "आमी उगाच नवता ठराव केला." आणि सगळ्या ऑपरेटरकडे बघून हसल्या. ती वहीत मान घालून इतिवृत्त लिहीत राहिली.

बातमीत अभिमान हा शब्द आम्ही कापत असू. तो मोजता येत नाही, पडताळता येत नाही. इथे तो मी ठेवतो. मूळ नोंद जपायची आणि चूक सहीनिशी कबूल करायची, हा जो नियम शिकायला मला डेस्कवर कित्येक वर्षं लागली, तो या गावाने मोजणीचं यंत्र हातात घेण्याआधीच लिहून ठेवला होता. गावातल्या एका बाईने तो माझ्याच सर्व्हरवर माझ्याविरुद्ध पाळून दाखवला. त्या सर्व्हरशी माझा संबंध आहे, एवढाही अभिमान पुरेसा आहे.

अध्यक्षांनी मावशींचं शेत वाचलं. सहा खुणा, क्रमाने, गावातल्या नावांनी. अठ्ठेचाळीस गुंठे. हरकत आहे का, असं तीनदा विचारलं. हरकत आली नाही. हात वर झाले. मावशी उठल्या, वहीपाशी गेल्या आणि सही करण्याआधी ऑपरेटरला म्हणाल्या, "वरची वरकस कुठं लिवलीस ते बोटानं दाव."

तिने बोट ठेवलं. मावशींनी त्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि मग सही केली.