आधण आलं की मागं

"अगं, तुझ्या हातचं खाणार कोण?"

गुरुजींनी हे इचारलं तवा मी चौथीत होते. त्यांच्या हातात खडू, तोंडावर हसू. सगळा वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणारी, माझ्याच वाडीतली पोरगी, ती बी हसली. सगळे हसून राह्यले होते म्हणून हसली. मी उभीच. बस म्हणले न्हाईत, म्हणून उभी.

त्या दिवशी गुरुजी एकेकाला उठवून इचारीत होते, मोठेपणी कोण होणार. भिंतीवर तक्ता लावायचा होता. पोरांची नावं आणि नावापुढं स्वप्न. दिनकर म्हणला, कलेक्टर. एक पोरगी म्हणली, डॉक्टर. एकानं पायलट सांगितलं, त्यानं इमान नुसतं आभाळात बघितलेलं. कुणालाच कुणी हसलं न्हाई. गुरुजींनी लिहून घेतलं. मंग मी उठले आणि म्हणले, "आचारी."

हसणं थांबल्यावर गुरुजी म्हणले, "शिवणकाम लिहितो तुझ्यापुढं. ते बरं."

तो तक्ता वर्षभर भिंतीला होता. माझ्या नावापुढं शिवणकाम. मला आजबी सुईत दोरा धड ओवता येत न्हाई.

आचारी कुठून सुचलं, ते सांगते. आमचं गाव केदारखेड्याच्या अंगाला. गावात सप्ता बसायचा, शेवटच्या दिवशी पंगत. जालन्याहून एक म्हातारा आचारी यायचा. पोत्यात झारे, उलथणी घेऊन. माझा बा दोन दिवस आधीपासून लाकडं फोडायचा. बाचं लाकूड चालायचं, बाचा हात भांड्याला चालायचा न्हाई. मी बाजवळ लाकडाच्या ढिगावर बसून त्या म्हाताऱ्याला बघायची. तो भाजी कधी तोंडात घालायचा न्हाई. कढईवर वाकायचा, वाफ घ्यायचा आणि म्हणायचा, मीठ कमी हाय. बराबर कमीच असायचं. गावचे पाटीलसुद्धा त्याच्यापुढं येऊन उभे राहायचे आणि इचारायचे, "झालं का? बसवू का पंगत?" त्यानं मान हलवली की गाव जेवायला बसायचं. काय रुबाब होता त्याचा! सगळं गाव एका माणसाच्या मानेकडं बघायचं. मला तसं व्हायचं होतं.

आमची पंगत सगळ्यांचं उरकल्यावर, गोठ्याच्या बाजूला. आज्यानं धम्म घेतला तवाच जुनं नाव टाकलं होतं. गावानं टाकलं न्हाई.

गुरुजी जाऊन आता लई वर्षं झाली. पण ते गेले न्हाईत. लग्न करून मला गावातल्या गावातच दिलं. पहिल्या दिवशी सासऱ्याला भाकर वाढली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राह्यले. घास चावला. गिळला. तवा कुठं माझा श्वास सुटला. ते आमचेच माणसं, ते कशाला थुंकतील? तरी बघितलं. नवऱ्याकडं बघते. लेकराकडं बघते. पाव्हणा आला, घास हातात घेऊन बोलत बसला, की मी हातातलं काम सोडून बघत राहते. हा खातो का ठिवतो? नवरा चिडतो. म्हणतो, "काय टक लावून बघती? सुखानं खाऊ दे की." त्याला कसं सांगू? घास गिळेपर्यंत गुरुजी माझ्या मागं उभे असतात. हातात खडू.

वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं म्हणाल, तर डॉक्टर म्हणणारी अंबडला दिली, तिच्या घरी दूध-दुभतं हाय. पायलट टेम्पो चालवतो. कलेक्टर होणारा दिनकर बी-बियाणाच्या दुकानात बसतो आणि शाळेच्या समितीचा अध्यक्ष हाय. कुणाचंच झालं न्हाई. पण ते हसत सांगतात एकमेकाला, आठवतं का रे, तू पायलट होणार होता. त्यांना ते सांगताना मजा येती. त्यांचं स्वप्न राहून गेलं. माझं उपटून टाकलं होतं. ह्यात फरक हाय, आणि तो मला कळायला चाळिशी आली.

कारण कागदावर बघाल तर त्या वर्गात स्वप्न पुरं झालेली मी एकटीच. सहा वर्षांपूर्वी आमच्याच शाळेत खिचडी शिजवायला दोघी घेतल्या. एक मंदाकाकू, एक मी. दोघींच्या नावापुढं स्वयंपाकी. ज्या दिवशी कागद हातात आला त्या दिवशी मी येडी घरी जाऊन रडले. आनंदानं रडले.

पहिल्याच दिवशी काकूनं वाटणी केली. कुणी काही बोललं न्हाई, भांडण न्हाई. तांदूळ मी निवडायचा. डाळ मी धुवायची. कांदा, मिरची मी चिरायची. पाणी मी आणायचं. पण चुलीवर आधण आलं की मी मागं सरायचं. कच्च्याला माझा हात चालायचा. शिजायला लागलं की चालायचा न्हाई. काकू लई गोड बोलायची. "तू बस गं बाई, दमली असशील." मी बसायची, भिंतीला टेकून. खिचडी झाली की वाढणार काकू. पोरं खाऊन गेली की भांडी माझी.

आणि काकूला मीठ कळायचं न्हाई. वाफेवरून मला कळायचं, आज जास्त पडलं. बोलायची सोय नव्हती. सहा वर्षं मी खारट खिचडीचा वास घेत गप बसले. ही लाज त्यांची हाय, पण थोडी माझी बी हाय. मी पगार घेतला आणि मूग गिळले.

ह्या दिवाळीनंतर काकूच्या लेकीचं बाळंतपण निघालं. काकू गेली जालन्याला. दिनकरनं सांगितलं, तोवर माझी भावजय येईल शिजवायला. पहिल्या दिवशी भावजय आलीच न्हाई. दहा वाजले, साडेदहा वाजले. मी तांदूळ धुवून बसलेली. सर, म्हणजे मुख्याध्यापक, दारात येऊन म्हणले, "ताई, शिजवायला कोणी नाही, राहू द्या आज. बिस्किटं वाटून टाकू."

स्वयंपाकी मी समोर बसले होते. धुतलेला तांदूळ माझ्या मांडीपशी होता. चूल होती, लाकडं होती. आणि हा शिकलेला माणूस मला म्हणून राह्यला, आज शिजवायला कोणी न्हाई.

डोक्यात अशी तिडीक गेली. मी काडी ओढली.

आधण आलं. मी मागं सरले न्हाई. तेलात मिरची टाकली, हळद टाकली, तांदूळ-डाळ टाकली. झाकण काढून वाफ घेतली. मीठ बराबर होतं, बिलकुल बराबर.

शाळेत एक वही असती. चव रजिस्टर. पोरांना वाढायच्या आधी मुख्याध्यापकानं एक घास खायचा, चव कशी हाय ते वहीत लिहायचं, खाली सही करायची. त्याखाली शिजवणारीची सही. सर रोज काकूजवळ यायचे, वाटीत घ्यायचे, फुंकून खायचे, मंग लिहायचे. त्या दिवशी ते हापिसातूनच वही घेऊन आले. लिहून आणलेली. "चव चांगली." खाली सही. वही माझ्यापुढं धरली.

मी म्हणले, "सर, अजून मी झाकण बी काढून दावलं न्हाई. चव कशी कळली?"

"रोजचंच आहे ताई. लिहावं लागतं."

"रोज तुम्ही खाऊन लिहिता. सहा वर्षं बघून राह्यले मी."

ते इकडं तिकडं बघायला लागले. मंग म्हणले, "माझं पोट ठीक नाही आज."

मी वाटीत खिचडी घेतली आणि वहीच्या बाजूला ठिवली. पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. सर वाटीकडं बघत होते. मी सरांच्या तोंडाकडं बघत होते. किती वेळ गेला काय सांगावं. खिचडीवर पापुद्रा धरला. सरांनी हात लावला न्हाई.

मंग मी पेन घेतला. "चव चांगली" वर काट मारली. खाली लिहिलं, "सरांनी चव घेतली न्हाई." आणि माझी सही केली, पुरी, नावासकट.

तोवर गावात बातमी गेल्ती. दोन बाया आल्या, पोरं हाताला धरून घेऊन गेल्या. मंग आणिक आल्या. रांग अर्धी झाली. जी राह्यली त्यांना मी वाढलं. एकेकाच्या तोंडाकडं बघत वाढलं. पोरं खात होती, मागून मागून घेत होती, आणि मला त्याचा काही आनंद झाला न्हाई. अर्धं भगुलं भरलेलं होतं आणि मला तेच दिसून राह्यलं होतं.

दिनकर गाडीवर आला. आवाज चढवला न्हाई त्यानं. म्हणला, "कशाला इषय वाढवती? पगार चालू राहीन. कागदावर नाव राहीन. तू फक्त चुलीपशी जाऊ नको. काय बिघडलं?"

सहा वर्षं मी त्याला अध्यक्ष म्हणत आले. त्या दिवशी म्हणले, "दिनकर, मला फुकटचा पगार नको. शिजवायचा पाह्यजे."

"आणि पोरं आलीच न्हाईत तर?"

"तर जेवढी येतील तेवढ्यांचं शिजवीन."

"एकबी न्हाई आलं तर?"

मी भगुल्यावर झाकण ठिवलं. ह्या प्रश्नानं माझी झोप उडाली हाय. डोळा लागला की रिकामी ओसरी दिसती, भरलेलं भगुलं दिसतं, आणि मी चुलीपशी उभी. वर्ग हसतो. ते हसणं माझ्या कानातून जाणार न्हाई, मी मरेपर्यंत न्हाई. मी आता ते जायची वाट बघायचं सोडलं हाय.

आज रविवार. हे शुक्रवारी झालं, काल सुट्टी होती. परवा समितीची बैठक हाय म्हणे, माझ्याबद्दल. सरांनी नवऱ्याच्या हातून निरोप धाडला, बाईला समजावून सांगा, बिनबोभाट मिटवून टाकू. नवरा माझ्याकडं बघत राह्यला. मी त्याला जेवायला वाढलं.

उद्या दहा वाजता मी आधण ठिवणार. परवाबी ठिवणार. सर खातील तर खाल्लं म्हणून लिहीन, न्हाई खातील तर न्हाई म्हणून लिहीन, तारीख टाकून. बैठकीला मी जाणार, बोलावलं तरी आणि न बोलावलं तरी. मला चुलीवरून काढायचं असंल तर काढा. पण का काढलं ते कागदावर लिहा, सगळ्यांनी खाली सह्या करा, आणि तो कागद माझ्या हातात द्या. तोंडी सांगितलेलं मी आता ऐकणार न्हाई.