आज्याचा गणपती आणि बाबांचं कावचू

बाबांची गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी होती आणि घरात मानही तिला माझ्यापेक्षा जास्त होता. बाबांच्या सरकारी कचेरीतला एक साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला आणि बाबांनी ती मॉरिशसमधल्या लाँग माउंटनला, उसाला लागून असलेल्या आमच्या घरी आणली. इंजिन ठणठणीत होतं. फक्त रबर म्हणून जे काही होतं, त्याचा उन्हानं पार भुगा केला होता. पाऊस आला की गाडीत बसलेली माणसं छत्री उघडायची असं गावातले लोक म्हणत. ते खोटं नाही, आईनं एकदा उघडली होती.

नवं रबर विलायतेहून मागवणं म्हणजे बाबांच्या मते शुद्ध उधळपट्टी. रबराला आम्ही इथल्या क्रेओल बोलीतलं 'कावचू' म्हणायचो, आणि बाबांना जिकडेतिकडे कावचूच दिसायला लागलं होतं. पाहुणे दारात सपाता काढत, तेव्हा बाबा आधी सपातांकडे बघत आणि मग 'या' म्हणत. बॉनेटखाली बसवायचे रबरी ठोकळे आमच्या जुन्या सपाता कापून झाले. ब्रेकच्या पेडलवर सायकलची ट्यूब चढली. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाचं कडं नाहीसं झालं, तेव्हा मात्र आई म्हणाली, "आता माझ्या कुकरला हात लावलात, तर जेवायलाही गाडीतच बसा."

इथवर सगळी चेष्टाच होती. पण त्या वर्षी आज्याचे गुडघे गेले. आजा म्हणजे बाबांचे वडील. घरचा गणपती तो स्वतः मातीचा करायचा, स्वतः रंगवायचा आणि विसर्जनाला डोक्यावर घेऊन अनवाणी नदीपर्यंत चालत न्यायचा. "अवंदा दुसरं कोणी नेईल," असं आई सहज म्हणाली आणि आज्यानं हातातला कुंचला खाली ठेवला. म्हणाला, "माज्या हातानं बसवला, माज्याच हातानं जायाला पायजे. न्हायतर मी घरातच ऱ्हातो."

बाबा म्हणाले, "बा, तू पुढं बस. गणपती मांडीवर घे. मी हळू चालवतो."

अडचण एकच होती. त्या दिवसांत आमच्याकडे पाऊस न विचारता येतो, आणि मातीच्या गणपतीवर गाडी गळली असती तर नदी यायच्या आतच देवाचं नाक गेलं असतं.

मग बाबांनी दारं हातात घेतली. साखर कारखान्याच्या लॉरीची फाटकी ट्यूब आणली, साबणाच्या पाण्यात सुरी बुडवून तिच्या लांब पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक पट्टीच्या पोटात दोरी घालून ती गुंडाळली. ती दोरी आईची कपडे वाळत घालायची होती, हे आईला ओली साडी हातात घेऊन परसात गेल्यावर कळलं. दाराला एक पट्टी, चौकटीला दुसरी, काचांच्या फटींत उरलेले तुकडे ठासून. पट्ट्या चिकटवायचं पंक्चरचं सोल्युशन दारांतच संपलं, म्हणून पुढच्या मोठ्या काचेचं रबर नुसतंच दाबून बसवलं. मग बाबा आत बसले आणि आम्ही वरून बादल्या ओतल्या. थेंब आत गेला नाही. बाबा इतके खूश झाले, की आतच बसून राहिले.

विसर्जनाच्या सकाळी एक पट्टी सुटल्यासारखी वाटली. बाबांनी सायकलवाल्याकडून नवी डबी आणली आणि हात सैल सोडून सगळ्या दारांना पुन्हा सोल्युशन फासलं. आजा गणपती घेऊन पुढं बसला, बाबांनी दारं लावली. ढोलकी पुढं, झाकरी, म्हणजे आमची गणपतीची गाणी, गाणारे मागं, मग गाडी आणि शेवटी आम्ही. वाटेत पाऊस लागला. आम्ही चिंब, आणि आत देव, आजा, बाबा तिघं कोरडे. नदीवर पोचलो तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दार उघडेना.

ओलं सोल्युशन, रबराला रबर, आणि बाबांनी जीव लावून आपटलेली दारं. एकही हलेना. काचाही खाली येईनात. आम्ही बाहेरून ओढतोय, बाबा आतून खांदा मारतायत. "पा कापाव, पा कापाव," ते काचेआडून ओरडत होते, म्हणजे जमत नाही. ते आम्हाला दिसतच होतं. आईनं पदरात तोंड लपवलं, ती रडत नव्हती.

आजा तेवढा शांत. त्यानं हातानं खूण केली की आरती सुरू करा. आम्ही गाडीभोवती उभं राहून पावसात आरती केली. कापूर पेटला नाही. आणि आरती संपता संपता बाबांना आठवलं, की पुढची काच नुसती दाबलेली आहे. त्यांनी दोन्ही पाय लावून ती रेटली. आख्खी काच रबरासकट बॉनेटवर आली, फुटली नाही.

त्या मोकळ्या चौकटीतून आज्यानं गणपती उचलला आणि माझ्या काकांच्या हातात दिला. काका पाण्यात उतरले. मध्ये काच नव्हती, पुसायला काही नव्हतं, आजा बसल्या जागेवरून शेवटपर्यंत बघत राहिला. "पुढच्या वर्षी लवकर या," सगळ्यांत मोठ्यानं तोच म्हणाला.

परत येताना काच आम्ही दोघी मायलेकींनी धरून आणली. गाडी आमच्या चालीनं चालली होती आणि पाऊस सरळ आत येत होता. बाबा अगदी रडकुंडीला आले होते. एवढं सगळं केलं ते गाडीत थेंब येऊ नये म्हणून, आणि आजा डोक्यापासून पायापर्यंत ओला. "बा, मला माफ कर," ते म्हणाले.

आज्यानं तोंडावरचं पाणी पुसलंसुद्धा नाही. म्हणाला, "चलत यायचो तवा असाच भिजायचो रं. हळू चालव."

बाबांनी गाडी आणखी हळू केली.