‘हयू चाल’च्या मागे: जळगाव, सावदा, नरडाणा

ऑफिसातल्या एका हळदीत सगळे ज्या गाण्यावर नाचत होते, ते नाचाचं नसून पाठवणीचं आहे, असं धुळ्याच्या मनोजने मला कानात ओरडून सांगितलं. मुंबईच्या एका म्युझिक कंपनीने केलेलं हे नवं रूप गेलं वर्षभर सगळीकडे वाजतंय. खाली श्रेय ‘पारंपरिक’ला. मनोज म्हणाला, मूळ गाणं रचणारी बाई, सगळ्यांची अक्का, नरडाण्याला राहते आणि चांगली ठणठणीत आहे; ते पहिल्यांदा कॅसेटवर आणणारे युसूफभाई सावद्याला असतात. मी सुट्टी टाकली.

पुण्याहून रेल्वेने सकाळी जळगाव. जाणार असाल तर हिवाळ्यात जा, भरीत-पुरी मिळते. मला ती इतकी आवडली की सावद्याची पहिली बस चुकली. दुसरी भुसावळमार्गे गेली. फैजपूरनंतर दोन्हीकडे केळी आणि केळीचे ट्रक, त्यांच्या मागे आमची बस, निवांत.

सावद्याला युसूफभाईंचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी त्यांचा बँड होता. कॅसेटच्या काळात एका लग्नात अक्का आपल्या धाकट्या बहिणीला निरोप देताना गात होत्या, तेव्हा युसूफभाईंनी परवानगी घेऊन ते रेकॉर्ड केलं. बहीण सुरतला निघाली होती आणि गाण्यात जीपवाल्याला विनवणी होती, भाऊ, हयू चाल, म्हणजे हळू चालव. कॅसेट बाजारात खपली. मग वरातवाले म्हणू लागले, हेच वाजवा, पण नाचता येईल असं. युसूफभाईंनी वेग वाढवला. पुढे कुणीतरी तेच उचललं, त्यावरून मुंबईने. आता ते इतकं पळतं की ती जीप खड्ड्यातच जाईल.

“अक्कांना वाटतं मी विकलं,” युसूफभाई म्हणाले. “मलापण कोणी विचारलं नाही. पण त्या फोनच उचलत नाहीत.”

त्यांनी जुनी कॅसेट लावून माझ्या मोबाईलवर उतरवून दिली आणि केळीचे वेफर्स बळेच पिशवीत कोंबले.

दुसऱ्या दिवशी जळगावहून सुरत लाइनची पॅसेंजर पकडली. तिकीट नाश्त्याहून स्वस्त, वेळ मात्र भरपूर हाताशी ठेवा. नरडाणा स्टेशनवरून अक्कांच्या घरी रिक्षा जाते. रिक्षात हेच गाणं चालू होतं.

अक्कांनी शेवभाजी वाढली. तिखट विचारायची पद्धत तिथे नाही. मी डोळे पुसत युसूफभाईंची बाजू सांगितली. मग मी रेकॉर्डिंग लावलं. तरुण अक्का सावकाश गात होत्या. गाणं संपल्यावर थोडी खरखर आणि मग एक पातळ आवाज: “अक्का, रडू नको ना. दिवायीले येसू मी.”

हा शेवट, बहिणीचं ते दिवाळीला यायचं वचन, बाजारातल्या कॅसेटवर नव्हता. बहीण काही वर्षांनी सुरतेतच आजारपणात गेली, हे मला तेव्हा कळलं. अक्कांनी माझं ताट उचललं, आत नेलं, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि युसूफभाईंना फोन लावायला सांगितला.

“युसूफ, इतला वरीस हाई तुन्हाजोडे व्हतं?” त्यांनी विचारलं, इतकी वर्षं हे तुझ्याजवळ होतं? पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. मग बराच वेळ केळीच्या भावावर बोलणं झालं.

घरी आल्यावर मी कंपनीला श्रेयाबद्दल कळवलं. माझा संदेश त्यांना मोलाचा वाटतो, असं उत्तर ताबडतोब आलं. दुसरं अजून आलेलं नाही. चार लोकांना खरी हकीकत सांगितली, त्यांनी ऐकली आणि गाणं पुन्हा लावलं. मीही नाचलो, खोटं कशाला सांगू.

अक्कांना पूर्ण रेकॉर्डिंग पाठवलं होतं. परवा त्यांचा फोन आला.

“गानं ते मले येस,” त्या म्हणाल्या. “तिन्हं बोलनं तेवढंच कापीसन धाड.”