पांढऱ्या साडीचे चार कोपरे

१९७४ साल, मे महिन्यातला रविवार, सकाळचे आठ. साडीची किंमत बेचाळीस रुपये, पैकी दहा मी इसार म्हणून दिलेले. हजर आम्ही चौघं: मी, माझी थोरली बहीण, तिची मुलगी म्हणजे त्या दिवसाची नवरी, आणि साडी घेऊन आलेली शेजारच्या विणकराची बायको.

लग्न अकरा वाजता समाजमंदिरात होतं. मेहुणे वारले होते, त्यामुळे बोलणी मीच केली होती. मुलाकडचे मंगळवेढ्याचे. मुलाचे वडील शाळेत मास्तर. त्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. लग्न बौद्ध पद्धतीनं, नवरानवरी पांढऱ्या वस्त्रांत आणि हळद नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. "हळदीचं बोट दिसलं तरी मी उठून जाईन," असं ते म्हणाले होते. मला ते पटलं होतं. गावात आमच्या आज्यापणज्यांना लग्नातसुद्धा चांगलं लुगडं नेसायची चोरी होती. अंगावर काय घालायचं ते दुसरे ठरवत. आता आम्ही ठरवणार होतो, म्हणून पांढरं. दुकानात पांढरी पातळं मिळत, पण ती कुणासाठी ठेवलेली असतात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मामाची साडी मी मुद्दाम विणून घेतली. सुती, काठालाही रंग नाही.

बहिणीनं घडी उलगडली. चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं होती.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"कोरं कसं द्यायचं नवरीला, भाऊ?" विणकराची बायको म्हणाली. ते लोक तेलुगू. "आमची नवरी पांढरंच नेसते. पण हळद लावूनच. नुसतं पांढरं म्हणजे अपशकुन."

मी साडी मोरीवर नेली आणि एका कोपऱ्याला साबण चोळला. पिवळं होतं ते लालभडक झालं आणि तळहाताएवढं पसरलं.

"मामा," भाची म्हणाली, "ते हळद नको म्हणाले होते. तुम्ही कुंकू केलंत."

बहिणीनं साडी ओढून घेतली, स्वच्छ पाण्यातून तीनदा काढली. लाल गेलं, पिवळं परत आलं. "उन्हात टाक," ती म्हणाली. "हळद उन्हाला टिकत नाही." मी साडी पत्र्यावर पसरली आणि तिथंच उभा राहिलो. पत्रा चपलेतून भाजत होता. सोलापूरच्या उन्हाला मी इतर वेळी शिव्या देतो. त्या दिवशी ते मला कमी वाटत होतं.

दहाच्या सुमारास वऱ्हाड आलं. मास्तर समाजमंदिरात गेले, पण त्यांची आई सुनेचे कपडे बघायला थेट आमच्या घरी आली. भाचीनं वाळलेली साडी नुकतीच खाली आणली होती.

"ही साडी?" म्हातारी म्हणाली. "आई पांढऱ्या कपाळाची, आन् लेकीलाबी पांढरंच नेसवताय व्हय? माझ्या नातवाचं आयुष्य लई झालं का?"

बहिणीनं मान खाली घातली. मी म्हणालो, "आजी, तुमच्या लेकाचीच अट आहे."

"त्यो मास्तर हाय. त्याला पुस्तकं कळत्यात. मी मरणं बघितल्यात. हिरवं न्हायतर पिवळं आना. न्हायतर ही पोरगी माझ्या उंबऱ्यात येनार न्हाय."

एकाला हळदीचं बोट नको, दुसरीला नुसतं पांढरं नको.

भाचीनं साडीची टोकं चाचपली. तीन कोपरे पांढरे झाले होते. मी साबण लावलेला चौथा फिकट पिवळा राहिला होता. तो तिनं म्हातारीच्या हातात दिला.

म्हातारीनं तो नाकाशी धरला. "हळद?"

"हळद. या मावशींनी लावली. त्यांच्यात नवरी पांढरंच नेसते."

"आन् जगत्यात व्हय त्यांचे नवरे?"

"माझा रोज भांडतो, आजी," विणकराची बायको म्हणाली. "म्हणजे आहे."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "ह्यो कोपरा कमरंला आत खोच," तिनं भाचीला सांगितलं. "मास्तरला दावू नगं." आणि काठी टेकत समाजमंदिराकडं निघाली.

मी तिच्या मागं निघालो, तर बहिणीनं माझी बाही धरली. "कुठं चाललास? गप्प बसलास तर काय बिघडतंय? माझ्या लेकीचं लग्न आहे."

"शब्द मी दिलाय, अक्का."

मास्तर पुढच्या खुर्चीवर होते. मी शेजारी बसून सांगितलं, "साडीच्या एका कोपऱ्याला हळद आहे. विणकराच्या घरून लागून आली. काढायला गेलो, गेली नाही."

त्यांचा चेहरा आवळला. "दिसते?"

"नेसल्यावर नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुम्ही उठून जाणार असाल तर आत्ताच जा. मुलगी येऊन बसल्यावर नको."

बायकांच्या बाजूला त्यांची आई पहिल्याच ओळीत ऐसपैस बसली होती. मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं.

"आईनं बघितली?"

"बघितली. म्हणून तर त्या आल्या."

"सकाळी आई मंगळवेढ्यातून निघायलाच तयार नव्हती," ते म्हणाले. "मुलीला आणा. उशीर होतोय."

भाची आली. कमरेजवळ हात धरून चालत होती. वंदना झाली, हार घातले गेले, मास्तर खुर्चीवरून उठले ते जेवायलाच.

सोमवारी संध्याकाळी विणकराच्या घरी जाऊन उरलेले बत्तीस रुपये दिले. डाग राहिला म्हणून तो दोन रुपये परत देऊ लागला. त्याच्या बायकोनं ते त्याच्या हातातून काढून घेतले.

"डाग कसला?" ती म्हणाली.

मीही हात पुढं केला नाही. साडीचे पुरे बेचाळीस रुपये तिच्या डब्यात गेले.